रब रेल: पट्टी बदलण्याआधी मागचा सांधा पाहा

शिडाची जुनी होडी विकत घेणारा माणूस आधी शीड पाहतो, मग डोलकाठी, मग तळ. नाळेपासून वराम्यापर्यंत कडेने गेलेली पट्टी, म्हणजे रब रेल, त्याच्या नजरेत भरते ती कुठेतरी फाटून लोंबायला लागल्यावर. मग दुकानातून सिलिकॉनची नळी येते आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला समज असा, की ही पट्टी शोभेची. फायबरग्लासची होडी बहुधा दोन साच्यांतून निघते: खालचा हल वेगळा, वरचा डेक वेगळा. दोघांच्या कडा जुळवून मध्ये सीलंट भरतात आणि स्क्रू, रिव्हेट किंवा बोल्ट मारून आवळतात. कित्येक लहान होड्यांत रब रेल नेमकी या सांध्यावर बसते, काहींत तर तिचे स्क्रू सांध्यातूनच आरपार जातात. म्हणून पट्टीला जोराचा धक्का बसला असेल, तर मार फक्त तिलाच लागला असे समजू नये. ती काढून मागचा सांधा उघडा करावा, भेगा आणि सैल झालेले स्क्रू पाहावेत. नवी पट्टी घ्यायची की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

याच्या उलट समजही आहे: पट्टी आहे म्हणजे धक्क्याला लागले तरी चालते. रब रेल ओझरते घासणे सोसते. लाटेबरोबर होडी धक्क्यावर आदळत राहिली, तर तो भार फेंडरनेच घ्यायचा असतो. ससून डॉकच्या मासेमारी होड्यांच्या कुशीला जुने टायर टांगलेले असतात, तेही याच कामासाठी.

सर्वांत जास्त फसवतो तो गळतीबद्दलचा समज. पावसात केबिन कोरडी राहते म्हणजे सांधा ठीक आहे, असे लोक धरून चालतात. पण शिडाची होडी वाऱ्याने कलते तेव्हा खालच्या बाजूची कड पाण्याला टेकते, कधी पाण्याखालीही जाते, आणि सांधा गळतो तो त्या वेळी. आत आलेले पाणी अस्तराच्या मागून वाहत भलत्याच कप्प्यात उतरते, आणि दोष मिळतो बिचाऱ्या खिडकीला. तपासायचे असेल तर आतून हात पोचेल तिथे सांध्याखाली टाल्कम पावडर भुरभुरावी आणि बाहेरून पाइपने पाणी मारावे. सुरुवात खालून करावी, एका ठिकाणी बराच वेळ थांबावे, मगच पुढे सरकावे. पावडरीत ओघळ दिसला की जागा सापडली.

ती सापडल्यावर पट्टीच्या बाहेरून सिलिकॉन फासणे हा उपाय नव्हे. सिलिकॉन निघाले तरी त्याचा अंश मागे राहतो आणि त्यावर रंग किंवा दुसरे सीलंट नीट धरत नाही. सीलंट हवे ते पट्टीच्या मागे आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात. वरची कड बंद करावी, खालची मोकळी ठेवावी, म्हणजे चुकून शिरलेले पाणी निघून जाते.

'जितके चिकट तितके चांगले' हेही खरे नाही. 5200 नावाच्या सीलंटसारखे पॉलियुरेथेन कायमच्या जोडणीसाठी असते. पुढे कधी पट्टी काढायची वेळ आली, तर सोबत जेलकोटही, म्हणजे फायबरग्लासवरचा बाहेरचा गुळगुळीत थरही, उखडू शकतो. पट्टी पुन्हा काढावी लागणारच, तेव्हा ब्यूटिल टेप बरी. ती कडक होत नाही, वर्षानुवर्षे मऊ राहते. सागवानी पट्टीला पॉलिसल्फाइडही चालते, प्लॅस्टिकला नाही.

भोक सैल झाले की त्याहून जाड स्क्रू पिळणे ही आपल्या सर्वांची सवय. त्याने जेलकोट तडकतो. भोक स्वच्छ करून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावे, सुकल्यावर नव्याने पाडावे. आतून हात पोचत असेल तर वॉशर घालून नट-बोल्टच लावावेत. स्टेनलेसवरही डोळे मिटून विश्वास टाकू नये: खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेला स्टेनलेस स्क्रू भोवतीचे ॲल्युमिनियम खातो. पांढरी भुकटी दिसली तर तेच चालले आहे. स्क्रूला आधी टेफ-जेलसारखा लेप लावावा.

व्हिनाइलची पट्टी टोकाशी आखूड पडलेली दिसली, तर ती कुणी कमी कापलेली नसते. उन्हाने आणि वयाने व्हिनाइल कडक होऊन आक्रसते. नवी बसवताना तीच गत वेगळ्या वाटेने होते: ताणून बसवली, की ती पुन्हा आखडते. पट्टी उन्हात पसरून किंवा गरम पाण्यात मऊ करून खाचेत ढकलत न्यावी, टोकाला जादा ठेवून नंतर कापावी. हीट गन वापरलीच, तर जेलकोट करपू देऊ नये.

सागवानी पट्टीचा हातभर भाग मोडला म्हणून सगळी बदलण्याची गरज नसते. खराब भाग काढून एकास आठ उताराचा तिरपा सांधा घालता येतो. सागात तेल असते, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसावे.

उरला शेवटचा समज, की जुन्या होडीची पट्टी आता मिळत नाही. कॅटलिना 22 सारख्या 15,000 हून अधिक बनलेल्या होडीची सोय सहज होते. कारखानाच बंद पडलेल्या होडीसाठीही जवळच्या आकाराची पट्टी शोधता येते, पण त्यासाठी छेद दाखवावा लागतो. म्हणून जुनी पट्टी भंगारात घालण्याआधी तिचा बोटभर तुकडा आडवा कापून बाजूला ठेवा.