सगळ्यात जड फाइल सोबत न्या

डिझाइनचा कोर्स संपवून घरीच काम सुरू करणारी मुलं-मुली सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुतेक वेळा दुकानदाराचं कोटेशन असतं. एका कागदावर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, रंगीत पंख्यांचं कॅबिनेट आणि खाली बेरीज. गेल्या महिन्यात कराडजवळच्या गावातली एक मुलगी असाच कागद घेऊन आली. लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, दूध डेअरीची लेबलं आणि फ्लेक्स ही तिची कामं. आईच्या भिशीचे आणि स्वतः साठवलेले मिळून तिच्याकडे ६०,००० रुपये होते.

“काका, हे घेऊ का?”

मी कागद बाजूला ठेवला आणि म्हणालो, “तुझी आजवरची सगळ्यात जड फाइल कोणती? ती आधी उघड.”

कॉम्प्युटर घेताना सुरुवात इथून करावी. आपलं काम यंत्राच्या कोणत्या भागावर भार टाकतं, हे कळलं की पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरतं. हे न कळता खरेदी केली तर पैसे बहुधा चमकणाऱ्या भागावर जातात आणि काम अडायचं तिथेच अडत राहतं.

फाइलचं वजन कसं काढायचं

हिशेब साधा आहे. ए४ आकाराची पत्रिका ३०० डीपीआयवर केली तर ती २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेलची होते, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. छपाईच्या सीएमवायके रंगांत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे ३५ एमबी जागा घेतो. असे वीस लेयर धरले तरी ७०० एमबी. आजच्या कुठल्याही साध्या यंत्राला हे झेपतं.

आता २० बाय १० फुटांचा फ्लेक्स घ्या. ७२ डीपीआयवर तो १७,२८० गुणिले ८,६४० पिक्सेलचा होतो. हे झाले जवळपास १५ कोटी पिक्सेल आणि एकच लेयर सुमारे ६०० एमबीचा. पार्श्वभूमी, फोटो, सावली, नक्षी असे पाच भरलेले लेयर झाले की ३ जीबी. त्यावर फोटोशॉप प्रत्येक मागचं पाऊल लक्षात ठेवतं, त्याची जागा वेगळी.

हाच फ्लेक्स कुणी ३०० डीपीआयवर केला तर वजन सतरा पटींहून जास्त वाढतं आणि एकच लेयर १० जीबीच्या वर जातो. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला ७२ डीपीआय पुरतं. फ्लेक्स छापणाऱ्याला एकदा विचारून घ्यावं. पहिली बचत दुकानात पाऊल टाकण्याआधी, फाइलमध्येच होते.

काम अडतं कुठे

मुलीनं फ्लेक्सची फाइल उघडली. मी तिला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. त्यातल्या परफॉर्मन्स या पानावर यंत्राची नाडी दिसते. तिच्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मेमरी ९४ टक्के भरलेली होती, डिस्क १०० टक्क्यांना टेकली होती आणि प्रोसेसर मात्र २० टक्क्यांवर निवांत होता. फोटोशॉपच्या खिडकीत खाली एक पट्टी असते, तिथल्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडता येते. तिथे ६० टक्के दिसत होते. हा आकडा १०० च्या खाली गेला की समजावं, फोटोशॉपला रॅम पुरत नाही आणि ते डिस्कवर काम ढकलतंय.

रॅम हा स्वयंपाकाचा ओटा समजा आणि डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा आहे तोवर हात भराभर चालतात. ओटा भरला की प्रत्येक डब्यासाठी स्टुलावर चढायचं. साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १५० एमबी वाचते. साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास आणि एनव्हीएमई एसएसडी ३,००० एमबीच्या पुढे. आणि डीडीआर४-३२०० रॅमची एकच पट्टी सेकंदाला २५,००० एमबीहून जास्त माहिती हलवू शकते. एवढ्या फरकामुळेच ब्रशचा एक फटकारा मारला की पडदा गोठतो.

म्हणून डिझाइनच्या यंत्रात आज १६ जीबी रॅमपासून सुरुवात करावी आणि ३२ जीबीपर्यंत वाढवायची सोय ठेवावी. मदरबोर्डला रॅमचे चार खाचे असतील तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. त्या जोडीनं चालतात, त्यामुळे वेग मिळतो आणि दोन खाचे रिकामे राहतात. दोनच खाचे असतील तर १६ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरी जागा मोकळी सोडावी. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू फाइल्स एनव्हीएमई एसएसडीवर ठेवाव्यात. झालेल्या कामांच्या साठ्याला जुनी हार्ड डिस्क उत्तम.

प्रोसेसरच्या नावाला भुलू नये

तिच्या पिशवीत दुसरंही कोटेशन होतं, एका जुन्या यंत्राचं. त्यावर ठळक लिहिलं होतं, ‘आय७, स्वस्तात’. खाली बारीक अक्षरात मॉडेल होतं ४७७०. हा इंटेलचा प्रोसेसर २०१३ सालचा. त्याच कंपनीचा २०२२ मधला आय३-१२१०० घेतला तर त्यालाही चारच कोर आहेत, पण कामात तो त्या आय७ च्या बराच पुढे निघून जातो. आय३, आय५, आय७ ही त्या त्या पिढीतली उतरंड आहे. पिढी बदलली की तुलना नव्यानं करावी लागते. मॉडेल क्रमांकाचे सुरुवातीचे आकडे पिढी सांगतात.

जुन्या यंत्राला आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सेकंडहँड घ्यायला माझी हरकत नाही, पण या रेषेपेक्षा जुनं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमधली बरीचशी कामं एकाच कोरवर चालतात. त्यामुळे बारा-सोळा कोर मोजत बसण्यापेक्षा एकेक कोर किती वेगवान आहे ते बघावं. व्हिडिओ एक्सपोर्ट करायचा असेल तर मात्र जास्त कोर उपयोगी पडतात. पत्रिका आणि फ्लेक्ससाठी सहा कोरचा आय५-१२४०० किंवा त्याच वर्गातला रायझन ५ पुरून उरतो.

कार्ड आज हवंच का

तिच्या कोटेशनमधली सगळ्यात मोठी रक्कम ग्राफिक्स कार्डाची होती. गेम खेळणाऱ्यासाठी तो हिशेब बरोबर ठरला असता. द्विमितीय कामाला मात्र प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स चालतं. ते रॅममधलाच थोडा वाटा वापरतं, म्हणूनही रॅम भरपूर हवी. ब्लेंडरमध्ये त्रिमितीय रेंडरिंग, आफ्टर इफेक्ट्स किंवा दाव्हिंची रिझॉल्व्हवर रोजचं काम असेल तर कार्डावर खर्च केलेला रुपया परत मिळतो.

इथे एक मेख लक्षात ठेवावी. इंटेलच्या क्रमांकामागे ‘एफ’ अक्षर असेल, जसं १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. थोडी बचत दिसते म्हणून तो घेतला आणि कार्ड घेतलं नाही, तर मॉनिटर काळाच राहील. कार्ड पुढे बसवायचं मनात असेल तर आजच चांगल्या कंपनीचा, पुरेशा वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा.

मॉनिटर: जिथे कंजुषी महागात पडते

मी तिला पत्रिका उघडायला सांगितली आणि लॅपटॉपची स्क्रीन चार बोटं मागे झुकवायला लावली. कुंकवाचा लाल होता तो डोळ्यांदेखत विटकरी झाला. स्क्रीन पुढे ओढली तर तोच लाल काळपट. मग तिनंच विचारलं, “मग खरा रंग कुठला?” त्या स्क्रीनवर या प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

स्वस्त टीएन पॅनेलमध्ये बघण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. आयपीएस पॅनेलमध्ये तो बराच स्थिर राहतो. दुसरी गोष्ट रंगांच्या आवाक्याची. बऱ्याच कमी किमतीच्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं. एसआरजीबी या प्रमाण रंगसंचाचा विस्तार त्याच मापात ७२ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे अशी स्क्रीन त्याच्या पाच भागांतले जेमतेम तीन दाखवते. मॉनिटर घेताना ‘आयपीएस’ आणि ‘एसआरजीबी ९९ टक्के’ हे दोन शब्द शोधावेत.

आकारही विचारपूर्वक घ्यावा. १९२० गुणिले १०८० पिक्सेलला २४ इंच योग्य. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर ताणले तर इंचाला ८२ च्या आसपास पिक्सेल उरतात आणि देवनागरीतल्या बारीक रेघा, रफार, अनुस्वार खरबरीत दिसतात. २७ इंच हवाच असेल तर २५६० गुणिले १४४० चा घ्यावा.

चांगला मॉनिटर घेतला तरी कागद वेगळाच दिसणार, हे मात्र आधीच समजून घ्यावं. मॉनिटर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश फेकतो. शाई मात्र कागदावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्याला दिसतो. त्यामुळे स्क्रीनवरचा झळझळीत भगवा छपाईत थोडा मंदावतो आणि गडद निळा जांभळ्याकडे झुकतो. हे यंत्राचं दुखणं नाही. काम सीएमवायकेमध्येच बघत राहिलं तर ग्राहकापुढे मान खाली घालायची वेळ येत नाही.

नवीन मॉनिटरचा उजेड फार वाढवलेला असतो. त्याच्याशेजारी कोरा पांढरा कागद धरावा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाइतका दिसेपर्यंत उजेड कमी करावा. “प्रिंट काळं आलं” या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. आपल्या प्रेसमध्ये छापलेला एक रंगीत नमुना टेबलाजवळ कायम टांगून ठेवावा. रंग मोजणारं उपकरण पुढे घेता येईल. तोवर हा कागदच आपली कसोटी.

राहून जाणाऱ्या गोष्टी

एकाच जागी बसून काम असेल तर त्याच पैशांत लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप जास्त काम देतो. नावानं सारखा वाटणारा प्रोसेसरही लॅपटॉपमध्ये कमी विजेवर चालतो, लवकर तापतो आणि वेग कमी करतो. शिवाय अनेक लॅपटॉपमध्ये रॅम पक्की डकवलेली असते, ती वाढवता येत नाही.

यूपीएस हवाच. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसातून चार वेळा वीज जाते. त्या क्षणी सेव्ह होत असलेली फाइल पुन्हा उघडेलच याची खात्री नसते.

जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर ते विंडोज ११ वर चालतं का, हे खरेदीआधी विचारावं. नाहीतर नव्या यंत्रावर वर्षानुवर्षांच्या पत्रिका उघडतात, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. नवीन मजकूर शक्यतो युनिकोडमध्येच करावा.

सॉफ्टवेअरचा खर्चही मोजावा. जुळणी केलेल्या यंत्रासोबत विंडोजचा परवाना येतोच असं नाही. चोरीच्या प्रतींबरोबर व्हायरस येतात आणि सगळं काम एका रात्रीत जाऊ शकतं. हात अगदीच आखडता असेल तर इंकस्केप मोफत आहे आणि त्यात युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं नीट उमटतात.

६०,००० ची वाटणी

तिच्याबरोबर बसून आम्ही केलेली वाटणी अशी: मॉनिटरला १२,०००, प्रोसेसर आणि मदरबोर्डला २०,०००, रॅम आणि एसएसडीला १७,५००, पॉवर सप्लाय आणि साध्या कॅबिनेटला ७,०००, यूपीएसला ३,५००. कीबोर्ड-माउस तिच्याकडे होते. विंडोजचा परवाना वेगळा धरला. ग्राफिक्स कार्ड शून्य. भाव सतत हलतात, रॅमचे तर फारच. बेरीज वर गेली तर आधी कॅबिनेट साधं करावं, मग प्रोसेसर एक पायरी उतरवावा. मॉनिटर आणि रॅमला शेवटपर्यंत हात लावू नये. यंत्र चार-पाच वर्षांत बदलतं, चांगला मॉनिटर पुढच्या यंत्रालाही चालतो.

बिल पक्कं, जीएसटीचं घ्यावं. त्यावर प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सिरियल क्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते.

दुकानात जाताना तिनं पेन ड्राइव्हवर तोच फ्लेक्स नेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर तालुक्याच्या दुकानात, चार पैसे देणारं गिऱ्हाईक आपली फाइल उघडून बघतो म्हणालं तर चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. फाइल उघडा, झूम करा, एखादा फिल्टर लावा, सेव्ह करा. मोबाइलवर वेळ मोजा आणि टास्क मॅनेजर शेजारी उघडा ठेवा.

घरच्या लॅपटॉपवर ती फाइल सेव्ह व्हायला पावणेचार मिनिटं लागत होती. दुकानात अर्ध्या मिनिटाच्या आत झाली आणि एफिशियन्सीचा आकडा १०० वरून हलला नाही. तिनं दोन्ही वेळा पहिल्या कोटेशनच्या मागच्या बाजूला लिहिल्या, कागदाची घडी घातली आणि मगच पैसे मोजायला घेतले.