भिंतीवरची माणसं
नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) आम्ही मित्राच्या घरी पोरासोरांसह पुन्हा पाहिला. मारलेलं डुक्कर घेऊन जब्याचं कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, शाहू महाराज! मित्राची लेक ओरडली, 'हे तर आपल्या घरातले फोटो!' पण त्यांनी केलं काय, हे तिला सांगता येईना. दोष लेकराचा नाही. घरोघरी हार चढतात. पण १८४८ ची पुण्यातली मुलींची शाळा, १९०२ चं कोल्हापूरचं ५० टक्के आरक्षण, १९२७ चं महाडचं पाणी लेकरांपर्यंत पोचतं का? बांधवांनो, जब्याच्या गावात महापुरुष भिंतीवरच राहिले आणि जात माणसांत राहिली. आपल्या घरात तरी त्यांना फ्रेमबाहेर येऊ द्या!