वाड्यांच्या पडझडीचे अर्थशास्त्र

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून जुन्या नाशकात शिरले की सिमेंट-पत्र्यांचे जग मागे पडते आणि सागवानी खांब, तुळया, कडीपाटाचे जग सुरू होते. पेशवेकालीन सरकारवाडा संरक्षित स्मारक म्हणून निभावला. भोवतालच्या खासगी वाड्यांना मात्र प्रत्येक पावसाळा परीक्षेचाच. वाडा कोसळला की आपण काळाला दोष देतो. परंतु लाकूड इतके अल्पायुषी नाही. नॉर्वेतील बर्गन शहराची लाकडी व्यापारपेठ १७०२ च्या आगीत भस्मसात झाली, ती जुन्याच घाटात पुन्हा उभारली गेली आणि १९७९ मध्ये जागतिक वारसा ठरली.

मग आपले वाडे का पडतात? १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना तो न्याय्यच आधार होता. पण सुताराची मजुरी आणि सागाचा भाव कोणत्याही कायद्याने बांधलेला नव्हता. दुरुस्ती मालकाला परवडेना, घर सोडणे भाडेकरूला परवडेना. २००० साली अमलात आलेल्या नव्या कायद्याने वार्षिक चार टक्के वाढ दिली. गोठलेल्या आकड्याच्या चार टक्क्यांत एक तुळईही बदलता येत नाही.

वाड्याची शोभा साऱ्या शहराची, खर्च मात्र एकट्याचा, ही खरी विसंगती. म्हणून दुरुस्तीचा वाटा शासनाने आणि नगराने उचलावा, आणि भाडेकरूचे छप्पर शाबूत राहील अशी अट त्यास जोडावी. वारसा सर्वांचा असेल, तर त्याचे देणेही सर्वांचेच आहे.