यादीत पहिले कोण?

मोबाइलवर आपण 'उसावरील हुमणी' असे दोन शब्द लिहितो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पडद्यावर यादी हजर होते. पुष्कळांची समजूत अशी की, आपला प्रश्न घेऊन ते यंत्र त्याच क्षणी साऱ्या जगभर धावत सुटले आणि उत्तर घेऊन परत आले. तसे काही घडत नाही, बरं का. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दांची सूची असते. कोणता शब्द कोणकोणत्या पृष्ठावर आला आहे, हे तीत दिलेले असते. शिक्षक मंडळींना ती परिचयाची आहे. शोधयंत्राने, म्हणजे गूगल किंवा बिंग यांसारख्या सर्च इंजिनाने, जगभरच्या वेबपानांची अशीच एक अवाढव्य सूची आधीच करून ठेवलेली असते. त्यासाठी त्याचे संगणकी हस्तक एका पानावरील दुव्यावरून, म्हणजे लिंकवरून, दुसऱ्या पानावर असे रात्रंदिवस हिंडत असतात. आपण विचारतो तेव्हा यंत्र फक्त ही सूची उघडते. जे पान सूचीत नाही, ते त्याच्या लेखी जगातच नाही.

आता खरी मेख पुढेच आहे. एका शब्दाला हजारो पाने सापडली, तर त्यांतले पहिले कोणते दाखवायचे? पहिल्या पाच-सात नावांच्या खाली आपल्यापैकी किती जण उतरतात, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे. म्हणजे यादीत वर असणे हे भर बाजारपेठेत दुकान असण्यासारखे झाले, आणि खाली असणे म्हणजे गावाबाहेर, ओढ्यापलीकडे.

१९९४ साली जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 'याहू' सुरू केले, तेव्हा माणसेच पाने पाहून ती विषयवार लावीत. पाने वाढली तशी ही पद्धत अपुरी पडली. मग केवळ शब्द मोजणारी यंत्रे आली. पण ज्याने आपल्या पानावर 'स्वस्त' हा शब्द शंभरदा लिहिला तो वर, असा प्रकार होऊ लागला. त्याच विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी निराळा विचार केला. विद्वान लोक निबंधात एकमेकांचे हवाले देतात. ज्याचा हवाला अनेक जण देतात, आणि त्यातही वजनदार माणसे देतात, तो निबंध महत्त्वाचा. पानांचेही तसेच मानावे. दुसऱ्या पानावरून दिलेला दुवा म्हणजे एक मत, आणि ज्याला स्वतःला पुष्कळ मते आहेत त्याच्या मताची किंमत जास्त. या हिशेबावर १९९८ मध्ये गूगल कंपनी उभी राहिली. आज गूगल याखेरीज इतर कितीतरी गोष्टी पाहते, पण मूळ कल्पना ही.

मते आली की मतांची खरेदी आलीच! आपले पान यादीत वर यावे म्हणून जी खटपट करतात, तिला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' किंवा थोडक्यात 'एसईओ' म्हणतात. तिच्यातला बराच भाग सरळ मार्गाचा आहे. पण वाकडाही आहे. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानदार कंपनीचे नाव २०१० च्या नाताळच्या हंगामात कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक शब्दांना सर्वांत वर येत होते. २०११ च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले की, कसलाच संबंध नसलेल्या शेकडो पानांवर या दुकानाचे दुवे पेरलेले आहेत. कंपनीने कानांवर हात ठेवले. गूगलने शिक्षा केली आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात दोन तासांत हे दुकान पहिल्या क्रमांकावरून एकाहत्तराव्यावर गेले. दुकान तेच, माल तोच!

यादी लावणाऱ्यांचीही आपसात झुंज आहेच. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने याहू विकत घेण्यासाठी ४४ अब्ज डॉलरहून अधिक देऊ केले. याहूने नकार दिला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने स्वतःचे 'बिंग' आणले. बिंग आपली नक्कल करते, असा संशय गूगलला आला, तेव्हा त्यांनी मोठी मौजेची युक्ती केली. काहीही अर्थ नसलेले सुमारे शंभर शब्द बनवले आणि त्या शब्दांना स्वतःच्या यादीत मुद्दाम भलतीच पाने चिकटवली. काही आठवड्यांनी त्यांतली सात ते नऊ उत्तरे बिंगवर जशीच्या तशी उगवली! परीक्षेत शेजाऱ्याची चूकही उतरून काढणारा विद्यार्थी असाच सापडतो. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे असे की, वापरणारे कशावर बोट दाबतात, हे आम्ही त्यांच्या संमतीने पाहतो आणि ती हजारातली एक खूण आहे. हेही अगदीच खोटे नव्हते.

मात्र खरी लढाई युक्तीपेक्षा पैशाने जिंकली गेली. फोन किंवा ब्राउझर उघडताच शोधासाठी आपलेच यंत्र पुढे यावे, म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात अॅपल, सॅमसंग आदी कंपन्यांना मिळून २६ अब्ज डॉलरहून अधिक दिले. गूगलने आपली मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवली, असा निकाल अमेरिकेच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये 'फक्त आम्हीच' अशा करारांना मनाई केली. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने शोधाच्या यादीत पक्षपात केल्याबद्दल २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटी रुपये दंड ठोठावला होता.

तुम्ही म्हणाल, या हत्तींच्या टकरीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. यादीच्या माथ्यावर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असेल, तर ती जागा पैसे देऊन घेतलेली जाहिरात आहे. तिच्या खालचे पानही वर आले म्हणून खरे ठरत नाही. बँकेचा मदत क्रमांक शोधताना ठकांनी पेरलेला क्रमांक हाती लागून लोकांचे पैसे गेले आहेत. असा क्रमांक पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्यावा. आणि फसगत झालीच, तर तत्काळ १९३० वर कळवावे.

आणि आपले स्वतःचे पान असेल तर? शाळेचे, बचत गटाचे, दूध संस्थेचे? येथे मराठीची एक खास अडचण सांगतो. जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर पडद्यावर 'शाळा' असा दिसे, पण संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरे व चिन्हे असत. शोधणारा 'शाळा' लिही आणि यंत्राला ते पान काही केल्या सापडत नसे. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा. सूचनेचा कागदावरचा फोटो चढवून भागत नाही. शब्द टाइप करावेत. शीर्षक 'मुखपृष्ठ' असे न ठेवता शाळेचे, गावाचे व तालुक्याचे नाव त्यात घालावे. लोक ज्या शब्दाने शोधतात तो शब्द पानावर असावा. शेतकरी 'हुमणी' लिहितो, आणि पानावर नुसते किडीचे शास्त्रीय नाव असेल, तर दोघांची गाठ पडणे कठीण. पान साध्या फोनवर चटकन उघडावे. गावच्या ग्रंथालयाने, माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या पानांवरून शाळेच्या पानाचा दुवा दिला, तर ती खरी मते होत, विकतची नव्हेत. नवे पान सूचीत यायला कधी चार दिवस, तर कधी कित्येक आठवडेही लागतात. तेव्हा जूनच्या प्रवेशाची सूचना एप्रिलातच चढवलेली बरी.