आमची लेक आणि मामंजींची फियाट

परवा भिशी आमच्याकडे होती. भिशीत नव्यानेच आलेली एक मैत्रीण फाटकातून आत शिरली ती जागीच थबकली. पोर्चमध्ये आमची जुनी फियाट उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले! पायांत चांदीचे पैंजण.

"अहो, कुणीतरी गाडीखाली सापडलंय!" म्हणत ती घाबरीघुबरी होऊन माझ्याकडे धावली.

"सापडलं नाही काही. आमची लेक आहे ती. आपल्या पायांनी गेलीय."

बायका हसल्या. पण चहाच्या वेळी एकीने विचारलेच, "तुम्ही तिला हे करू तरी कसं देता?" मैत्रिणींनो, त्या प्रश्नाचे उत्तर तिथे मला नीट देता आले नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे. तुमच्याही घरात गाड्यांचे वेड घेतलेले एखादे पोर असेलच. मुलगा असेल तर आपण कौतुकाने सांगतो, मुलगी असेल तर जरा दबक्या आवाजात, एवढाच काय तो फरक.

हे वेड लागले कुठे ते मला पक्के आठवते. आम्ही कोल्हापूरची माणसे. दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात सोने लुटायला जायचे आणि छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी पाहायची, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. पाच वर्षांची लेक ह्यांच्या खांद्यावर बसली होती. बाकीची पोरे बँडकडे, पोलिसांकडे बघत होती. हिने घरी येऊन आजोबांना विचारले, "ती गाडी एवढी म्हातारी आहे, तर चालते कशी?"

मामंजी तिला हाताला धरून पोर्चमध्ये घेऊन गेले. आमची फियाट १९७८ सालची. कंपनीने १९७४ पासून तिचे नाव प्रीमियर पद्मिनी ठेवले, पण घराघरांत ती फियाटच राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहावी लागायची. मामंजींनीही पाहिली. त्यामुळे ती गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बॉनेट उघडून त्यांनी त्या दिवशी नातीला सांगायला सुरुवात केली, ती आजतागायत चालूच आहे.

खरं सांगू? ही जुनी गाडी शिकण्याच्या दृष्टीने फार गुणी. आजच्या गाडीचे बॉनेट उघडा, वरती एक मोठे झाकण दिसते आणि बिघाड शोधायला कॉम्प्युटर जोडावा लागतो. फियाटमध्ये सगळे उघड्यावर, आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीसारखे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा कार्बोरेटर हा इकडे, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर तो तिकडे. गाडी थंड असली की चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाते. गरम झाली की आत ढकलायचा. विसरलात तर काळा धूर आणि पेट्रोलचा वास. गियर स्टिअरिंगलाच. गाडी महिनोन्महिने उभी ठेवली तर पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची बारीक भोके बुजतात. ती साफ करायला लेक माझ्या शिलाईच्या डब्यातली सुई पळवायची! पुढे मिस्त्रीमामांनीच तिला दटावले, सुईने भोक मोठे होते, तिथे फुंकर किंवा हवेचा पंपच बरा.

हे मिस्त्रीमामा उद्यमनगरचे. फियाटचा एखादा भाग बाजारात मिळेनासा झाला की लेथवर तसाच कातून घेणारी माणसे आपल्या उद्यमनगरात आहेत, हे मला लेकीमुळे कळले. एके दिवशी ते मला म्हणाले, "वैनी, पोरीला कान हाय. इंजिन काय बोलतंय ते तिला कळतंय."

माझी मान ताठ झाली, पण धडकीही भरली. कारण कान असलेल्या पोरीला पाय पण असतात.

व्हायचे तेच झाले. ती सोळाची होती. एका संध्याकाळी मी मंडईतून आले तर पोर्च रिकामा. गाडी गल्लीच्या टोकाला, चाकावर ही. "फक्त कोपऱ्यापर्यंत," म्हणाली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मामंजींनी मात्र आवाज न चढवता किल्ली काढून घेतली आणि देवघरात देवाच्या मागच्या खिळ्याला लावली. "अठरा पूर्ण होईपर्यंत हा देव सांभाळील," एवढेच म्हणाले.

मैत्रिणींनो, हे तुम्ही नीट ध्यानात घ्या. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अठरा वर्षांखालच्या पोराने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. शिवाय त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ लायसन्ससुद्धा मिळत नाही. गाडी मामंजींच्या नावावर. म्हणजे नातीच्या हौसेपायी ऐंशीच्या घरातल्या माणसावर ही पाळी! लेकीला हे कळले तेव्हा ती रात्री जेवली नाही. रागाने नव्हे हं. आजोबांच्या खोलीत जाऊन बसली होती.

पण वेड काय खिळ्याला अडकवून ठेवता येते? तोडगा ह्यांनी काढला. गावाबाहेर कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथे तिला घेऊन गेले. मी विरोध म्हणूनच बरोबर गेले.

कार्ट म्हणजे काय ते सांगते. नळ्यांचा एक सांगाडा, चार छोटी चाके, मागे किंवा बाजूला इंजिन, आणि बसायचे म्हणजे अगदी जमिनीलगत, पाटावर बसल्यासारखे. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने पहिली कार्ट बनवली, तीही गवत कापायच्या यंत्राचे इंजिन बसवून. हिला स्प्रिंगा नाहीत, त्यामुळे खडा अन् खडा पाठीला कळतो. आणखी एक गंमत. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, त्यासाठी डिफरन्शियल असते. कार्टला ते नाही, मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर. मग वळताना आतले मागचे चाक किंचित उचलले जावे लागते, नाहीतर कार्ट अडखळते. हे लेकीने मला घरी वाटी उपडी घालून, पेन्सिल फिरवून समजावले. भाजी करपली, पण समजले.

पहिल्या दिवशी ती तिसऱ्याच वळणावर गर्रकन फिरून टायरांच्या भिंतीवर आदळली. मी उठून उभी राहिले. ह्यांनी माझा हात धरून खाली बसवले. ती हात वर करून दाखवत होती, ठीक आहे म्हणून.

तिथल्या शिकवणाऱ्या पोराने निघताना माझ्या पदराकडे बोट दाखवून सांगितले ते आयांसाठीच आहे. हरियाणात पिंजोरला २०१८ साली अशाच मौजेच्या ट्रॅकवर एका तरुण बाईचे केस कार्टमध्ये अडकले आणि ती दगावली. चाकांचा तो दांडा आणि इंजिन पाठीशी अगदी जवळ फिरत असते. सुट्टीत तुमची मुले हट्ट करून अशा ठिकाणी नेतात, तेव्हा तुम्ही स्वतःही बसता. ओढणी, पदर, स्कार्फ काहीही नको. केस घट्ट बांधून टोपीत आणि टोपी हेल्मेटात. तिथले लोक केस न बघताच बसवू लागले, तर पैसे बुडाले तरी चालतील, परत या.

आमची लेक तेव्हापासून रविवारी ट्रॅकवर जाऊ लागली. शर्यतीत पहिल्यांदा उतरली तेव्हा शेवटून दुसरी आली. मला वाटले, रडेल. ती कार्टची चेन तपासत बसली. चेन सैल होती, ते तिला तिसऱ्या फेरीतच आवाजावरून कळले होते म्हणे!

मात्र हा खेळ पैशांचा, हे मी लपवणार नाही. भाड्याच्या कार्टवर दहा मिनिटे फिरणे वेगळे आणि स्पर्धेची कार्ट वेगळी. टायर, इंजिनाची दुरुस्ती, प्रवास, खर्च ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मायकेल शूमाकर एवढा जगज्जेता, पण त्याचे वडील गवंडी. कार्टिंगच्या ट्रॅकची देखभाल तेच करायचे आणि आई तिथले उपाहारगृह सांभाळायची, तेव्हा कुठे पोराला चाके मिळाली. लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या. आपल्याकडे वडोदऱ्याची मीरा एर्डा शाळकरी वयात कार्टिंगमध्ये उतरली, तिच्याही मागे घर उभे राहिलेच असणार.

आणि नेमके तेव्हाच पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवण्याचा त्यांना नाद. पद्मिनी बनणे २००० च्या सुमारास बंद झाले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्यामुळे आता चांगल्या ठेवलेल्या गाडीला मोल आले आहे. त्यांनी आकडा सांगितला. लेकीच्या एका मोसमाचा खर्च त्यात सहज निघाला असता.

मामंजी थोडा वेळ गप्प बसले. मग नातीला म्हणाले, "बाळ, तुला लागत असतील तर देऊन टाकू. मी आता कुठे चालवतोय?"

त्या दिवशी मला माझ्या लेकीची खरी भीती वाटली. ती "हो" म्हणाली असती तर मी काही बोलू शकले नसते. ती गृहस्थांना गाडीजवळ घेऊन गेली, बॉनेट उघडून सगळे दाखवले, कुठला भाग मूळचा, कुठला उद्यमनगरचा. काहीही लपवले नाही. आणि शेवटी बॉनेट लावून म्हणाली, "काका, चहा घेऊन जा. गाडी नाही द्यायची."

मी विचारले तर म्हणाली, "आई, कार्ट मला पुन्हा कुणाची तरी मिळेल."

आता ती सुट्टीत ट्रॅकवर वेळ मोजायचे, कार्ट पुसायचे काम करते आणि त्या बदल्यात तिला सराव मिळतो. वर्षातून एकदोन शर्यतींत उतरते. भिशीचा नंबर लागला तेव्हा मी ओव्हन घेणार होते, त्याऐवजी तिला चांगले हेल्मेट घेतले. स्वस्तातले घेऊ नका बरं का. आणि ग्रीसच्या डागांचे विचाराल, तर सुती कपड्यावर आधी रॉकेलचा बोळा फिरवा, शेगडीपासून लांब, मग साबण आणि गरम पाणी. हातांना गोडेतेल आणि साखर चोळली की नखांतला काळेपणा जातो.

एक बातमी सांगायची राहिली. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, मुदत दहा वर्षे. आमची २०२८ मध्ये त्यात बसेल. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच. "मग आपल्याला नको तो नंबर," इति कन्यारत्न. "भाजी आणायला काय न्यायचं?"

अठरा पूर्ण झाली, लायसन्स हातात आले, आणि मामंजींनी देवामागची किल्ली स्वतः काढून दिली. पहिली फेरी रंकाळ्याला, भेळ खायला. पुढे मामंजी, मागे मी. तिने चोक ओढला, गाडी धरली, चोक आत ढकलला. मी डोळे मिटून अंबाबाईचे नाव घेत होते. गाडी काही हलेना. डोळे उघडून बघते तर ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"आई, पदर आत घे. दारात अडकलाय."