सांगड : उभ्याने वल्हवावयाच्या फळीची मासेमारीसाठी मांडणी आणि तिचे शब्द

शब्दाचा अभ्यास वस्तूपासून तोडून केला, तर तो कोशापुरताच उरतो, ही जाणीव भाषाशास्त्रात नवीन नाही. मेरिंगर आणि शुखार्ट या पंडितांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘शब्द आणि वस्तू’ या सूत्राभोवती एक अभ्यासपद्धतीच उभी केली, व १९०९ मध्ये त्याच नावाचे नियतकालिकही निघाले. या पद्धतीचा आग्रह साधा होता : नांगराच्या भागांची नावे अभ्यासावयाची असतील, तर अभ्यासकाने प्रथम नांगर पाहावा. प्रस्तुत लेखात हीच पद्धत एका लहानशा जलवाहनास लावून पाहावयाची आहे. वाहन नवे आहे, पण त्याची कल्पना फार जुनी आहे. आणि त्याच्या मांडणीत एक शब्दभेद असा आहे की, तो चुकल्यास माणसाचा जीव जाऊ शकतो.

हे वाहन म्हणजे उभे राहून वल्हवावयाची फळी. समुद्राच्या लाटांवर घसरण्याच्या हवाई बेटांवरील खेळातून ही फळी पुढे आली आणि २००० नंतरच्या काळात जगभर पसरली. पुढे ज्यांच्याजवळ होडी नव्हती, अशा हौशी मासेमारांनी तिच्यावर गळ, पेटी आणि नांगर बांधून तिची एकमाणशी नाव केली. मारेगावजवळच्या एका तलावावर प्रस्तुत लेखकाने अशी हवा भरावयाची फळी प्रथम पाहिली. एका परिचित कुटुंबाने ती आणली होती. त्याच तलावावर एक वयोवृद्ध ढिवर गृहस्थ थर्माकोलचे तुकडे खताच्या पोत्यांत शिवून, त्यांवर फळ्या जखडून केलेल्या तराफ्यावर उभे राहून जाळे टाकीत होते. दोन्ही वाहने शेजारी शेजारी तरंगत असता ध्यानात आले की, एक कारखान्यातून आले आणि दुसरे घरच्या अंगणातून, पण दोहोंनी सोडविलेला प्रश्न एकच आहे.

मारेगाव हा कापसाचा मुलूख आहे. पाण्याचा म्हणून त्याची ख्याती नाही. तथापि या परिसराच्या एका अंगाने वर्धा नदी वाहते आणि पुढे वणी तालुक्यातील जुगादजवळ, पलीकडच्या काठावरील वढा या तीर्थापाशी, पैनगंगा तीस मिळते. विदर्भातील नद्या व तलाव यांवर ढिवर, भोई, केवट या समाजांनी पिढ्यान् पिढ्या मासेमारी केली. ‘ढिवर’ हा संस्कृत ‘धीवर’ आणि ‘केवट’ हा ‘कैवर्त’ होय, हे सांगावयास नकोच. त्यांचे मूळ वाहन डोंगा, म्हणजे एकाच खोडातून कोरलेली अरुंद नाव. जाड खोडाची झाडे दुर्मिळ झाली तेव्हा डोंग्याची जागा पत्र्याने, टायरच्या ट्यूबने आणि थर्माकोलने घेतली. कृष्णा-वारणेच्या काठी तर गुळाची काहीलच नाव म्हणून पाण्यात लोटली जाते. माणसास पाणी ओलांडावयाचे असले म्हणजे तो तरंगणारी कोणतीही वस्तू कामास लावतो.

अशा वाहनास मराठीत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘सांगड’. दोन भोपळे, दोन डोंगे किंवा लाकडांच्या मोळ्या एकत्र बांधून केलेले तरते साधन, हा त्याचा मूळ अर्थ. आज तो बहुधा ‘सांगड घालणे’ या लाक्षणिक प्रयोगातच ऐकू येतो. सिद्धान्त आणि व्यवहार यांची सांगड घालणाऱ्या प्राध्यापकांपैकी किती जणांस आपण पाण्यावर तराफा बांधीत आहो याची कल्पना असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत ‘संघाट’, म्हणजे जोडणी, विशेषतः लाकडांची. त्यापासून प्राकृत ‘संघाड’, आणि त्यापासून ‘सांगड’. स्वरमध्यस्थ ‘ट’चा ‘ड’ होणे आपण ‘घोटक – घोडा’, ‘वट – वड’ या जोड्यांत पाहतो. संयुक्त व्यंजन सुटून आधीचा स्वर दीर्घ होणे ‘दन्त – दात’, ‘कण्टक – काटा’ यांत पाहतो. ‘घ’चा महाप्राण मात्र वाटेत गळाला आहे.

या शब्दाचा प्रवास मराठीपाशी थांबत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील, एकखोडी नावा एकत्र जखडून केलेल्या मोठ्या जहाजांस ‘संगर’ म्हटले आहे, व अभ्यासक त्याचा संबंध याच ‘संघाट’शी जोडतात. मल्याळम्‌मध्ये ‘चङ्ङाडम’ म्हणजे तराफा. मलबारच्या किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगिजांनी तो शब्द ‘जंगाडा’ असा उचलला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची नोंद सापडते. पुढे पोर्तुगिजांनी ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील कोळ्यांच्या लाकडी तराफ्यांसही हेच नाव दिले. १९४१ मध्ये अशाच एका जंगाडावरून चार कोळी फोर्तालेझाहून रिओ द जानेरोपर्यंत ६१ दिवसांचा सागरप्रवास करून गेले. सामाजिक विम्याच्या कायद्यात कोळ्यांचाही समावेश व्हावा, ही त्यांची मागणी होती. तमिळ ‘कट्टुमरम्’ची, म्हणजे ‘बांधलेल्या लाकडा’ची, कथाही याच जातीची, तिच्यातून इंग्रजी ‘कॅटमरान’ झाले. दोन्ही शब्दांत भर लाकडावर नसून बांधण्यावर आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

आता वस्तूकडे वळू. फळीवर माणूस उभा राहू शकतो तो कशामुळे? एक फळी घेऊ : लांबी ३.२ मीटर, रुंदी ८० सेंटिमीटर, जाडी १५ सेंटिमीटर. टोके निमुळती असल्याने तिचे क्षेत्रफळ तेवढ्याच लांबी-रुंदीच्या आयताच्या सुमारे चार-पंचमांश धरू. माणूस ७५ किलो, फळी १० किलो, सामान २० किलो, म्हणजे एकूण १०५ किलो. तितके वजन तोलण्यास १०५ लिटर पाणी सरले पाहिजे, आणि त्यासाठी फळी सुमारे ५ सेंटिमीटर बुडते. तेव्हा बुडण्याचा प्रश्न नाही. प्रश्न कलंडण्याचा आहे.

फळी किंचित कलली असता पाण्याच्या प्लावक बलाची रेषा फळीच्या मध्यरेषेस एका बिंदूत छेदते. हा बिंदू एकूण गुरुत्वमध्याच्या वर असेल तर फळी आपोआप सावरते. खाली असेल तर ती उलटू पाहते. वरील उदाहरणात हा बिंदू तळापासून सुमारे १०७ सेंटिमीटर उंचीवर येतो, आणि उभ्या माणसासह एकूण गुरुत्वमध्य सुमारे ८४ सेंटिमीटरवर. म्हणजे सावरण्यास २३ सेंटिमीटरांचे अंतर उरते. त्याच लांबीची पण ६० सेंटिमीटर रुंदीची फळी घेतली तर तो बिंदू ५० सेंटिमीटरांच्याही खाली उतरतो. अशा फळीवर माणूस उभा राहतो तो केवळ आपल्या पायांच्या कौशल्यावर. रुंदीचा परिणाम तिच्या घनाच्या प्रमाणात होतो, हे याचे कारण. ८० आणि ६० यांचे प्रमाण ४ : ३, परंतु त्यांच्या घनांचे ६४ : २७. उलट, रुंद फळीवर मनुष्य ३० सेंटिमीटर उंचीच्या पेटीवर बसला, तर सावरण्याचे अंतर दुपटीहून अधिक होते. म्हणून मासेमारीची फळी रुंद घ्यावी, आणि तिच्यावरील पेटी ही पेटीही असावी व बैठकही.

मांडणीचे पुढील सर्व नियम या एका तत्त्वातून निघतात. फळी उचलण्याची मूठ सामान्यतः तिच्या समतोलाच्या जागी असते. उभे राहावयाचे ते तिच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवून. पेटी त्यामागे, मध्यरेषेवर, फळीस चिकटविलेल्या कड्यांना पट्ट्याने बांधावी. पिण्याचे पाणी व इतर जड जिन्नस तळाशी ठेवावेत आणि मागील भार तोलण्यापुरते थोडे सामान पुढे घ्यावे. गळाच्या काठ्या पेटीच्या मागील बाजूस, बाहेर कललेल्या नळ्यांत खोवाव्यात, म्हणजे वल्हे फिरविताना त्या आड येत नाहीत. हवेच्या फळीवर उघडा गळ कधीही ठेवू नये. त्याच्या टोकास बूच लावावे. वल्ह्यास दोरी असावी, कारण मासा लागला की दोन्ही हात काठीकडे जातात आणि वल्हे पाण्याकडे जाते. तलावात शेवाळ व वेली असल्यास फळीखालचा पर आखूड घ्यावा.

उभे राहण्याचा लाभ काय, असे कोणी विचारील. उंचावरून पाहिले असता दृष्टी पाण्यावर अधिक सरळ पडते, पृष्ठभागाची चकाकी कमी होते आणि आतले दिसते. मरळ हा मासा हवेतील श्वासासाठी वारंवार वर येतो. बसलेल्यास त्याची चाहूल लागते, पण उभ्या असलेल्यास त्याची जागा दिसते.

नांगराविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मारेगावच्या शेतकऱ्यास ‘नांगर’ म्हटले की काळ्या जमिनीतले औत आठवते; हा शब्द संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला. नौकेच्या नांगराचा संबंध मात्र फारसी ‘लंगर’शी मानला जातो. भिन्न कुळांचे दोन शब्द मराठीत एका उच्चारात मिळाले, आणि दोन्ही वस्तू जमिनीत रुतणाऱ्या असल्याने हे मीलन कोणास खटकले नाही. फळीस दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो. दोर मात्र खोलीच्या निदान तिप्पट हवा, म्हणजे ओढ आडवी पडून नांगर रुततो. तो दोर फळीच्या मध्यावर, कडेस कधीही बांधू नये. प्रवाह किंवा वारा फळीस ढकलतो, दोर कडेस खाली खेचतो, आणि फळी उलटते. ओढ टोकाकडूनच हवी. पण उभ्या माणसास टोकापर्यंत जाता येत नाही. यास्तव कडेने पुढपासून मागपर्यंत, दोन कप्प्यांतून फिरणारा एक दोर लावतात व नांगराचा दोर त्यावरील कडीतून घेतात. रहाटावरचा दोर ओढावा तसा हा ओढला की नांगराची ओढ हव्या त्या टोकास नेता येते.

उरला माणसास फळीशी जोडणारा दोर. हौशी लोक तो घोट्यास बांधतात, आणि स्थिर तलावात ते योग्यही आहे. माणूस पडला तरी वाऱ्याने फळी दूर जात नाही. प्रस्तुत लेखकाने तीच रीत वर्धेच्या वाहत्या पाण्यात वापरली, आणि दोर घट्ट राहावा म्हणून त्यास निरगाठ मारली. पाण्यात बुडालेल्या एका बाभळीच्या फांदीत तो दोर अडकला. प्रवाह फळीस एका बाजूने ओढीत होता आणि शरीरास दुसऱ्या बाजूने. ताणलेल्या दोरातील घोट्यापर्यंत हात पोचण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वाकावे लागते, आणि ते शक्य नसते. अंगात जीवरक्षक जाकीट होते व पाणी छातीइतकेच होते म्हणून, आणि काठावरील त्या ढिवर गृहस्थांनी उतरून दोर कापला म्हणून, हा लेख लिहिला जात आहे. काठावर आल्यावर ते एवढेच म्हणाले, “सर, पायाले निरगाठ नोका मारू. कमरीले सुरगाठ ठेवा, वढली का सुटली पायजे.”

वऱ्हाडीतील ‘ले’ हा प्रत्यय आपण वर्गात अनेकदा फळ्यावर मांडला आहे. त्या वाक्यात मात्र व्याकरणाहून मोठे काही होते. निरगाठ म्हणजे ओढल्यावर अधिक आवळणारी, सुरगाठ म्हणजे ओढल्यावर सुटणारी. वाहत्या पाण्यात दोर कमरेस असावा आणि त्याची गाठ एका हाताने सुटणारी असावी, हा जो नियम आज जगभर शिकविला जातो, त्याचे संपूर्ण तत्त्व या दोन मराठी शब्दांच्या भेदात पूर्वीच साठविलेले आहे. याच वर्धेवर, वरूड तालुक्यातील झुंज येथे, १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटून ११ जण मृत्यू पावले. नावेतील भार आणि अंगावरील जाकीट या गोष्टी हौसेच्या नव्हेत.

शेवटी परिभाषेविषयी. महाराष्ट्रात भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले, व १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. तेव्हापासून नव्या वस्तूस नाव देणे म्हणजे संस्कृत धातूकडे जाणे, अशी आपली सवय झाली आहे. या फळीसही कोणी ‘उत्थित-क्षेपणी-फलक’ असे नाव देईल. ते व्याकरणशुद्ध असेल, आणि ते कोणी उच्चारणार नाही. उलट सांगड, डोंगा, गळ, नांगर, कप्पी, सुरगाठ, निरगाठ हे शब्द पाण्यावर घासून गुळगुळीत झालेले आहेत. मासेमारीसाठी बांधून सिद्ध केलेल्या फळीस ‘सांगड’ म्हणावे, अशी आमची सूचना आहे. कारण या वाहनाचे सार फळीत नसून बांधणीत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या तलावांवर जाऊन अशा शब्दांच्या याद्या कराव्यात. मात्र प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहून थांबू नये. ती गाठ स्वतःच्या हाताने मारून पाहावी, आणि ती सुटते की आवळते हेही नोंदवावे.