बटण कुणाचं, बाग कुणाची?

आमच्या मावशीचं सासर सौंसरचं. त्यामुळे लहानपणी दर हिवाळ्यात आमच्या निपाणीच्या घरी संत्र्यांची पेटी यायची. शेजारच्या अव्वा कुंपणावरूनच विचारायच्या, "कित्तळे बंतेनु?" मग पहिली चार संत्री त्यांच्या पदरात पडायची.

मावशी आता नाही. तिची मुलगी पांढुर्ण्याला दिलेली. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे जाऊन आलो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. तिथं पाट्या हिंदीत आणि घरात मराठी. आपल्याकडे पाट्या कन्नडमध्ये, एवढाच काय तो फरक. सीमेवरच्या माणसाला तिथं परकं वाटत नाही.

भाचा संत्र्यांचा व्यवहार आता मोबाइलवर करतो. त्याचे बाबा बागेत उभे राहून संत्रं सोलून दाखवतात आणि व्हिडिओ चालू असतानाच खाली 'विकत घ्या' असं बटण येतं. ते दाबलं की पेटीची मागणी नोंदवली जाते. मला मोठं कौतुक वाटलं. पण भाच्याचा चेहरा उतरलेला.

"मामा, पाह्य नं! बाग आपली, बाबा आपले, अन् खाली नंबर दुसऱ्याचाच!"

कुणीतरी त्याचा व्हिडिओ जसाच्या तसा उचलून स्वतःचा म्हणून लावला होता. लोकांनी पैसे भरले, त्यांना आंबट, सुरकुतलेला माल गेला आणि शिव्या मिळाल्या त्या व्हिडिओत दिसणाऱ्या माणसाला. तेव्हापासून मेहुण्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहणंच सोडलं. बहीण म्हणाली, "दादा, पैसा काय, येतो-जातो. पण यांचं नाव गेलं न."

त्यातच एका सल्लागारानं सुचवलं होतं, "या पद्धतीचं पेटंट काढा, चाळीस हजारांत करून देतो." बहिणीनं भिशीचे पैसे काढूनही ठेवले होते. मी म्हटलं, जरा थांबा.

मी मराठी शिकवतो, कायदा नव्हे. पण कायदा शिकवणाऱ्या एका मित्राला फोन लावला, दोन रात्री वाचत बसलो आणि मग पांढुर्ण्याच्याच भाषेत भाच्याला समजावलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा-सावरगावची माणसं दोन्ही काठांवरून गोटे मारतात. अशीच गोटमार मोठ्या कंपन्यांत चालते. तिथं झेंडा म्हणजे गिऱ्हाईक आणि गोटे म्हणजे पेटंटं.

ॲमेझॉनला १९९९ मध्ये अमेरिकेत एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. लगेच त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यांना कोर्टात खेचलं. मनाई हुकूम आला आणि त्या बिचाऱ्यांना आपल्या गिऱ्हाइकाला मुद्दाम एक क्लिक जास्त करायला लावावी लागली! २००१ मध्ये वरच्या कोर्टानं तो हुकूम रद्द केला, २००२ मध्ये तडजोड झाली आणि २०१७ मध्ये पेटंटची मुदतही संपली. व्हिडिओतल्या खरेदीवरूनही टेक्ससच्या सिन्से कंपनीनं २०१३ मध्ये जॉयस या कंपनीवर पेटंटचा दावा लावला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ॲलिस खटल्यात सांगितलं की, नुसती कल्पना संगणकावर चालवली म्हणून ती पेटंटयोग्य ठरत नाही.

आपल्याकडे तर पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये साफ लिहिलंय की, व्यवसायाची पद्धत आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम म्हणजे शोध नव्हे. यंत्राच्या कामात खरी तांत्रिक सुधारणा केली असेल तर गोष्ट वेगळी. पण भाच्यानं बटण बनवलंच कुठं होतं? ते कंपनीचं. २०२१ मध्ये व्हिडिओवरून विक्री करणारं 'सिमसिम' हे भारतीय ॲप यूट्यूबनं विकत घेतलं आणि २०२४ मध्ये फ्लिपकार्ट, मिंत्रा यांना बरोबर घेऊन यूट्यूबनं इथं खरेदीची सोय सुरू केली. त्या झेंड्यामागे आपण कशाला धावायचं?

मग आपलं काय? व्हिडिओ आपला. तो काढला त्या क्षणापासून त्याचा कॉपीराइट आपला. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मूळ फाइल तारखेसह जपून ठेवायची आणि चोरी दिसली की त्या व्यासपीठाकडे लेखी तक्रार करायची. बागेचं नावही आपलं. ट्रेडमार्कसाठी व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला साडेचार हजार रुपये. ताजी फळं ३१व्या वर्गात येतात. भिशीचे बाकीचे पैसे बहिणीनं परत डब्यात ठेवले.

पेटीवर 'नागपुरी' छापायचं का, हाही प्रश्न निघाला. झाड त्याच जातीचं, पण नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे आणि अशा मानांकनाला नकाशा असतो. आपलं शिवार त्यात येतं का, हे पाहूनच छापावं. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१८-१९ साली मानांकन मिळालं, तेव्हा त्या नकाशात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकत्र आले. नकाशा काढणाऱ्यांनी मनात आणलं तर सीमा अशीही ओलांडता येते.

तक्रारीनंतर आठवडाभरात तो चोरलेला व्हिडिओ उतरला. गेलेली गिऱ्हाइकं सगळी परतली नाहीत. त्यांतल्या प्रत्येकाला मेहुण्यांनी स्वतः फोन केला, हे मला बहिणीकडून कळलं.

आता ते पुन्हा बागेत उभे राहतात. व्हिडिओ सुरू होताच बागेचं नाव आणि नंबर स्वतःच्या तोंडानं सांगतात, म्हणजे कापणाऱ्याला कापणं अवघड. आधी मराठीत, मग हिंदीत. निघताना मी त्यांना आणखी एक वाक्य शिकवून आलो. उच्चार अजून वऱ्हाडीच आहे, पण परवाच्या व्हिडिओत त्यांनी ते म्हटलं आणि आमच्या गल्लीत हशा पिकला:

"कित्तळे बेका?"

चार पेट्यांची मागणी आमच्या गल्लीतूनच गेली.